आंतरराष्ट्रीय हस्तक्षेप कुठे यशस्वी होतो आणि कुठे फसतो?

परदेशी सैन्य किंवा संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना एका देशात शांतता आणते आणि दुसऱ्या देशात तिच्या डोळ्यांदेखत कत्तली होतात, असे का, हा आपला प्रश्न आहे. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण तिथे संयुक्त राष्ट्रांची एकच मोहीम आधी कोलमडण्याच्या बेतात आली आणि पुढे तीच यशस्वी ठरली.

सरकार आणि बंडखोर यांच्यात जुलै १९९९ मध्ये झालेल्या लोमे शांतता करारात बंडखोरांचा म्होरक्या फोडे सांको याला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि हिऱ्यांसह खनिजांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद देण्यात आले. ज्या हिऱ्यांवर युद्ध पोसले जात होते, त्यांच्याच किल्ल्या त्याच्या हाती गेल्या. मे २००० मध्ये बंडखोरांनी सुमारे ५०० शांतिसैनिकांना ओलीस धरले. कैलाहुन येथे वेढ्यात अडकलेल्या भारतीय तुकडीची सुटका जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ने करावी लागली.

यानंतर माघार घेणे सोपे होते. तसे न करता सुरक्षा परिषदेने सैन्याची मर्यादा १७,५००पर्यंत वाढवली, ब्रिटनने स्वतःचे सैनिक उतरवून सरकारी फौजेला प्रशिक्षण दिले, गिनीच्या सैन्याने सीमेवर बंडखोरांना जबर तडाखे दिले आणि बंडखोरांचे हिरे शेजारच्या ज्या लायबेरियामार्गे बाहेर जात, तिथून येणाऱ्या कच्च्या हिऱ्यांवर २००१ मध्ये बंदी आली. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले. यांपैकी एकाच उपायाने ते संपले असते, असे मला वाटत नाही. त्यातही बंडखोरांचा पैसा आटणे आणि पहिल्या फटक्यानंतरही पाय रोवून राहणे, या दोन गोष्टींना मी अधिक महत्त्व देतो.

रवांडात याच्या नेमके उलट घडले. एप्रिल १९९४ मध्ये बेल्जियमचे १० शांतिसैनिक मारले गेले, त्या देशाने आपली तुकडी परत बोलावली आणि हत्याकांड ऐन भरात असताना सुरक्षा परिषदेने मोहीम अवघ्या २७० जणांवर आणण्याचा ठराव केला.

बोस्नियात तर उणीव आरंभापासूनच होती. १९९३ मध्ये स्रेब्रेनित्सासह सहा ठिकाणे ‘सुरक्षित क्षेत्रे’ म्हणून घोषित झाली. त्यांच्या रक्षणासाठी सुमारे ३४,००० अतिरिक्त सैनिक लागतील, असे लष्करी सल्लागारांनी कळवले असताना मंजुरी मिळाली ती ७,६०० सैनिकांना. त्या घोषणेवर विसंबून लोक स्रेब्रेनित्सातच राहिले आणि जुलै १९९५ मध्ये तिथले सुमारे ८,००० मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. पुरेसे सैनिक द्यायचेच नव्हते, तर सुरक्षिततेचे वचन देण्याचा अधिकार परिषदेला नव्हता, असे माझे ठाम मत आहे.