वाशीच्या दिव्यांग मुलांच्या सेंटरवर पहिल्यांदा मदतीला येतेयस ना, मग हे वाच

अगं पहिली गोष्ट म्हणजे विचारल्याशिवाय कोणाच्या व्हीलचेअरला हात लावायचा नाही, आणि उतार असेल तर खुर्ची उलटी फिरवून मागे मागे उतरवायची, सरळ नेलीस तर माणूस पुढे पडतो. बोलायचं ते मुलाशीच बोल, आईला 'याला काय हवं' असं नको, मला हे कळायला वर्ष गेलं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं वाटेल पण खरी मदत तिथेच होते गं. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे का ते आधी बघ, बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सीवाल्यांसाठी निरामय हा सरकारी आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चपण त्यात येतो, कित्येक पालकांना माहीतच नसतं! आणि अशी मुलं १८ ची झाली की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, लोकल लेव्हल कमिटीकडे अर्ज करावा लागतो, ती त्या त्या जिल्ह्याच्या कलेक्टरची असते, म्हणजे वाशी-ऐरोलीवाल्यांना ठाणे आणि खारघर-पनवेलवाल्यांना अलिबाग, इथे लोकांची चुकीची चक्कर होते म्हणून आधीच पत्ता विचारून घे.

तासभरच ये, पण ठरलेल्या वारी ये, मुलं दाराकडे बघत बसतात.