फासे सारखे पडले तर कोण जिंकतं, हे आधी ठरवा

प्रश्न: शाळेत असताना मित्रांबरोबर युद्धाचे, डावपेचांचे बोर्ड गेम खेळायचो. आता चाळिशी आली. तीच मंडळी जमवून पुन्हा सुरू करायचंय. कोणता गेम घ्यावा?

उत्तर:

गेम कोणताही घ्या, पण पहिल्या दिवशी त्याचे नियम सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. ‘माहितीय रे, लहानपणी खेळलोय’ म्हणणारा जो कोण असेल, त्याच्याच हातात कागद द्या आणि त्यालाच वाचायला लावा. एका नियमापायी माझा जिवलग मित्र दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. खरं सांगायचं तर मीच बोलत नव्हतो.

आमचा अड्डा सोलापुरात, पूर्व भागात. खाली मित्राच्या वडिलांचे यंत्रमाग, वर आम्ही. माग सुरू झाले की फरशी थरथरायची आणि बोर्डावरच्या फौजा आपोआप सीमा ओलांडायच्या. गेम अर्थातच रिस्क, जगाच्या नकाशावर फासे टाकून एकमेकांचे प्रदेश जिंकायचे. चौघं असलो की प्रत्येकी 30 सैन्य, पण निम्म्या सोंगट्या हरवलेल्या, म्हणून उरलेलं सैन्य शेंगदाण्यांचं. एकदा बोलता बोलता कुणीतरी अख्खं ब्राझील खाऊन टाकलं होतं.

1997 चा मे महिना. मी ऑस्ट्रेलिया धरून बसलेला. शहाण्यानं तोच धरावा: चारच प्रदेश, आत शिरायला सयामकडून एकच वाट, आणि अख्खा खंड राखला की दर फेरीला 2 सैन्य फुकट. आशियाचे 7 मिळतात, पण ते 12 प्रदेश राखणार कोण? तर दोन तासांच्या मारामारीनंतर त्या वाटेवरच्या इंडोनेशियात माझा एकच शेंगदाणा उरला आणि समोर सयाममध्ये त्या जिवलग मित्राचे दोन. हल्लेखोराला जास्तीत जास्त तीन फासे, पण एक सैन्य मागे ठेवावं लागतं, म्हणजे एक फासा त्याचा, एक माझा. त्याला 4 पडले. मी फासा घोळवला, टाकला, तो चादरीच्या घडीला अडकून थांबला. 4.

त्यानं माझा शेंगदाणा उचलला आणि तोंडात टाकला.

‘बरोबरीत चढाई करणाऱ्याचं असतंय बे.’

नियमांचा कागद केव्हाच गायब झालेला. बाकी दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. बोर्ड त्याचा होता. झालं. पुढच्या दोन फेऱ्यांत ऑस्ट्रेलिया गेला आणि मी चप्पल घालून घरी आलो. त्या रात्री एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी हिशोब मांडला. दोन फाशांची एकूण दानं 36. त्यात 15 वेळा हल्लेखोर वरचढ, 15 वेळा बचाव करणारा, 6 वेळा बरोबरी. रिस्कमध्ये बरोबरी बचाव करणाऱ्याची असते. म्हणजे एकास एक लढतीत 36 पैकी 21 दानं माझी होती. त्यानं एका वाक्यात ती 15 वर आणली. (याआधी कधी बरोबरी झालीच नव्हती का? झाली असणार. आपल्या बाजूनं निकाल लागला की माणूस गप्प बसतो, मीही बसलो असेन.)

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर रिस्कनं सुरुवात करू नका. लांबतो फार, आणि पहिला बाद झालेला माणूस तीन तास चहा आणण्यापुरता उरतो. दोघंच असाल तर मेम्वार 44 घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाया आहेत, तासाभरात डाव संपतो. सात जण जमत असतील तर डिप्लोमसीसारखा खेळ नाही. 1959 चा आहे. फासेच नाहीत. दोन फौजा सारख्या बळानं एकाच जागी घुसल्या तर दोघीही होत्या तिथेच राहतात, वादाला जागाच नाही. पण सगळा खेळ गोड बोलून शब्द फिरवण्याचा, आणि आमच्याकडे सात जण एकत्र येतात ते फक्त कुणाच्या तरी लग्नात. लोक कॅटन सुचवतील. चांगला आहे, पण त्यात रस्ते आणि वस्त्या बांधायच्या असतात. ते युद्ध नाही, गुंठेवारी आहे.

माणसं जमवायची तर सणाच्या सुट्टीत जमवा. आमची निम्मी टोळी पुण्यात, ती संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला घरी येते, तेवढेच दिवस हाताशी. आणि डाव ठरवताना नळाला पाणी यायचा दिवस टाळा. सोलापूरकरांना हे सांगायला नको. ऐन मॉस्कोवर चाल करताना ‘पाणी आलंय’ अशी हाक आली की दोन सेनापती मोटर लावायला पळतात.

एक राहिलंच. तुमच्यात जुनं भांडण नसेल तर एवढ्या नियमबाजीची गरज नाही, खुशाल खेळा.

आमचं होतं. तीन वर्षांपूर्वी गड्ड्यालाच पुन्हा बसलो. नवा डबा मी विकत घेतला होता, मुद्दाम. झाकण उघडलं, पुस्तिका काढली आणि बरोबरीचा नियम दोनदा वाचून दाखवला. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘बरं. मग त्याच डावात आफ्रिकेवर हल्ला करताना तू चार फासे टाकले होतेस, त्याचं काय बे?’

तो हे वाचेल म्हणून इथेच लिहून ठेवतो. चार नव्हते. तीनच होते.