'किंवा तत्सम' खोडून घ्या, मगच दुसरा हप्ता भरा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नाशिकहून आई-वडिलांना घेऊन डिसेंबरात आठ दिवसांची राजस्थान सहल. जयपूर, बिकानेर, जोधपूर, जैसलमेर. सोबत टूर मॅनेजर. पंधरा तारखेच्या आत दुसरा हप्ता. आणि तुमचा प्रश्न एवढाच, की सातव्या दिवसापुढे 'सम येथील डेझर्ट कॅम्प किंवा तत्सम' असं छापलंय, ते चालेल का. (सम म्हणजे जैसलमेरपलीकडचं वाळूच्या टेकड्यांचं गाव.) वर तीन-चार जणांनी 'सगळे असंच लिहितात, काही होत नाही' असं सांगितलंय. सगळे असंच लिहितात हे खरं. काही होत नाही हे खरं नाही. २०२२ च्या डिसेंबरात आमच्या कागदावर अक्षरशः हेच शब्द होते.

स्वेटर, औषधं, ओळखपत्रं यावर लिहीत नाही, ते तुम्हाला कळतंच.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते. वाळवंटाचा धडा आला की फळ्यावर बारखाण टेकडी काढायचे. चंद्रकोरीसारखी, वारा येतो त्या बाजूला लांबट उतार, पलीकडे एकदम खडा, आणि दोन्ही टोकं वारा जातो त्या दिशेला. डोळे मिटून काढतील अशी. पण प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी विचारलं, कुठं जायचं, तर म्हणाले, थरला. किल्ले, हवेल्या, महाल हे आम्हा बाकीच्यांसाठी. त्यांना एक टेकडी बघायची होती, तीही सूर्य कलताना, कारण तेव्हा सावली पडते आणि आकार उठून दिसतो.

जोधपूरहून सकाळी आठला निघायचं ठरलं होतं. जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशे किलोमीटरच्या वर आहे, जेवण धरून सहा तास. आठला निघालो असतो तर दोन-अडीचला जैसलमेर, आणि तिथून सम चाळीस किलोमीटर. आरामात पोचलो असतो. पण बस आधी एका हस्तकलेच्या मोठ्या दुकानात नेली. दुकान उघडलं दहाला. चहा, मग रजया दाखवणं, मग लाकडी हत्ती, मग 'फक्त तुमच्या ग्रुपसाठी' सवलत. पावणेबाराला बस हलली. दर सहलीत एखादं दुकान असतं हे मला मान्य आहे. पण ज्या दिवशी सूर्यास्त गाठायचाय त्याच दिवशी ते ठेवायचं नसतं.

पोखरण सोडल्यावर दुपारी आप्पा एकदम उठून उभे राहिले. खिडकीबाहेर उघड्याबोडक्या माळात एक हिरवा चौकोन होता, पुसलेल्या पाटासारखा सपाट, एका कडेला लांबलचक मातीचा बांध. 'खडीन!' म्हणाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी रुजवलेली ही शेती. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी सखल भागात बांध घालून अडवायचं, ते जिरू द्यायचं, आणि नुसत्या त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा काढायचा. विहीर नाही, कालवा नाही. आप्पांनी मॅनेजरला विनंती केली, दोन मिनिटं थांबवा, खाली उतरून बांध बघतो. तो म्हणाला, 'काका, आधीच लेट झालोय.' रजयांना पावणेदोन तास मिळाले आणि खडीनला दोन मिनिटं मिळाली नाहीत. हे मला आजही सलतं.

सूर्य मावळला तो बसच्या पुढच्या काचेत, क्लीनरच्या बाजूला. जैसलमेर अजून यायचं होतं.

आणि तरीही, उशीर हा भाग दुसरा. कॅम्पला पोचलो सातनंतर, तो सम नव्हताच. समच्या बराच अलीकडे, मुरमाड माळावर पत्र्याचं कुंपण घालून तंबू ठोकलेले. टेकड्या कुठे आहेत विचारलं तर, 'इथून बारा किलोमीटर, जीपने नेतो, माणशी वेगळे पैसे.' रात्री. अंधारात. मध्ये स्टेज, स्पीकरवर हिंदी गाणी, आणि स्टेजभोवती वाळू पसरलेली. आप्पा खाली वाकले, मूठभर वाळू घेतली, मला मोबाइलचा टॉर्च धरायला लावला. अंगठ्यानं तळव्यावर चोळून बघितली. त्यात खडे होते, बारीक-जाड सगळं मिसळलेलं, बाटलीचं एक झाकण. म्हणाले, 'ही वाऱ्यानं आणलेली नाही. वारा निवडून आणतो, सगळा दाणा सारखा असतो. ही ट्रॉलीनं टाकलीय.' हात झटकले आणि तंबूत जाऊन स्वेटरवर शाल घेऊन बसले. चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी तरी जाऊ म्हणून मी सहालाच कॅम्पच्या माणसाला गाठलं. जीप नऊशिवाय नाही. आमची बस साडेआठला. संपलं. पुढच्या वर्षी आप्पांचे दोन्ही गुडघे गेले, आता लांबचा प्रवास होत नाही.

आता माझी चूक, कारण सगळा दोष कंपनीवर टाकून तुम्हाला उपयोग नाही. बुकिंग करताना काउंटरवरच्या मुलीनं फोनवर सांगितलं होतं, 'मॅडम, तंबूचं दार उघडलं की वाळूच.' मी ते ऐकलं, खूश झाले, आणि लिहून घेतलं नाही. एक ओळीचा मेल पुरला असता. त्यांच्या वेबसाइटवर कॅम्पचं नाव आणि फोटो होता, त्याचा स्क्रीनशॉटही काढला नाही. परत आल्यावर बघितलं तर ते पान बदललेलं.

त्या ऑफिसात मी चार वेळा गेले. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण असं उत्तर कुठेही मिळू शकतं. पहिल्या वेळी, 'तिथल्या लोकल एजंटशी बोलून सांगतो.' दुसऱ्या वेळी बोलणारा माणूस रजेवर. तिसऱ्या वेळी साहेबांनी समजावलं की तत्सम म्हणजे त्याच श्रेणीचा, आणि श्रेणी तंबूची असते, जागेची नसते; तंबूला बाथरूम होतं ना, गरम पाणी होतं ना, मग तत्समच झालं. मी म्हटलं, आम्ही बाथरूम बघायला साताऱ्याहून जैसलमेरला गेलो नव्हतो. चौथ्या वेळी पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन, वर्षभराच्या मुदतीचं. मी ते टेबलावर ठेवून आले.

इथे दुसरी चूक. मी तक्रार केली नाही, दमले होते. मी वकील नाही, तेव्हा जाणकाराला विचारूनच पावलं उचला. पण मला नंतर कळलं ते असं, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. सुरुवात म्हणून १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. माझी दोन वर्षं उलटून गेली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, पण आली तर कूपन घेऊन गप्प बसू नका.

हे असं का होतं याबद्दल माझा अंदाज, अंदाजच समजा: कंपनीचा स्वतःचा कॅम्प नसतो. जागा तिथला मध्यस्थ देतो. नाताळच्या आठवड्यात समच्या टेकड्यांलगतचे तंबू महाग होतात, मग ग्रुप अलीकडे उतरवतात आणि फरक कुणाच्या तरी खिशात राहतो. तुमची तारीख २३ डिसेंबर आहे. म्हणून जास्तच काळजी वाटली.

तेव्हा हप्ता भरण्याआधी मेल करा. फोन नको, व्हॉट्सअॅपही नको. चार गोष्टींची लेखी उत्तरं मागा: कॅम्पचं नाव काय, तंबूपासून वाळूच्या टेकड्या चालत किती मिनिटांवर आहेत, त्या दिवशी वाटेत कुठल्या दुकानात थांबणार आहात का, आणि कॅम्पवर किती वाजता पोचवणार. शेवटी एक ओळ घाला, की यात बदल झाल्यास आम्हाला आधी कळवून लेखी संमती घ्यावी, नाहीतर त्या मुक्कामाचे पैसे परत मिळावेत. ते कुरकुरतील. 'आमची पद्धत नाही' म्हणतील. ज्यांना खरंच समला उतरवायचंय त्यांना हे लिहून द्यायला काही अडचण नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तर टाळलं तर पहिला हप्ता बुडाला तरी चालेल, मी दुसरा भरणार नाही. रद्द करण्याच्या अटी मात्र आधी नीट वाचा, प्रत्येकाच्या वेगळ्या असतात.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं असतं तर आप्पांची टेकडी हुकली नसती. सूर्यास्ताच्या मागे लागूच नका, सूर्योदय मागा. जैसलमेर एवढं पश्चिमेला आहे की डिसेंबरच्या शेवटी तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना पहाटे उठायची शिक्षा नाही, वाळूवर जीपचा धुरळा नाही, रात्रीच्या वाऱ्यानं वाळूवरच्या लाटा ताज्या असतात, आणि तिरपं ऊन तेच. संध्याकाळी समला जत्रा असते. फक्त बस नऊच्या आधी निघणार नाही हे त्याच मेलमध्ये कबूल करून घ्या.

उंटाबद्दल तुम्ही विचारलंय. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, माणूस एकदम पुढे फेकला जातो. तुमच्या आईंना मणक्याचा त्रास आहे म्हणताय, तर बसवू नका. उंटगाडी मिळते, ती बरी. आणि कॅम्पवर स्पीकर असेलच, पण मांगणियार, म्हणजे तिथले पिढीजात लोकगायक, आहेत का हे विचारा. कमायचा (गजानं वाजवायचं तंतुवाद्य) आणि खडताल (हातात वाजवायच्या लाकडी पट्ट्या) घेऊन दोघं-तिघं जवळ बसून गायले तर ती रात्र लक्षात राहते. आम्हाला नाच-गाणी संपल्यावर मागे चुलीपाशी एक म्हातारबुवा वाजवताना सापडले. आप्पा त्या रात्री तेवढ्यासाठी तंबूबाहेर आले.

किल्ल्यांचं थोडक्यात. बिकानेरचा जुनागड सपाटीवर आहे, डोंगर चढायचा नाही, ज्येष्ठांना सगळ्यात सोपा. ग्रुप त्याला तासात उरकतात, तुम्ही दोन तास मागा. जोधपूरच्या मेहरानगडला लिफ्ट आहे, तिकिटाजवळच विचारा. जैसलमेरच्या किल्ल्याच्या आत मुक्काम देत असतील तर माझ्या मते नको म्हणा. ११५६ साली वसवलेला, अजून माणसं राहतात असा किल्ला आहे तो, आणि आतल्या सांडपाण्याची ओल खालच्या ठिसूळ थरात मुरून बुरूज ढासळले आहेत. शिवाय चार पोल, म्हणजे दरवाजे, ओलांडून चढताना फरशी गुळगुळीत आहे. खाली राहा, गच्चीवरून संध्याकाळी किल्ला जास्त सुंदर दिसतो.

तुमचा मार्ग बिकानेरहून जोधपूरला नागौरवरून जाणार. नागौरजवळ ताऊसरला मराठा सरदार जयाप्पा शिंद्यांची छत्री आहे. नागौरच्या वेढ्यात १७५५ साली त्यांचा दग्यानं खून झाला. मराठी ग्रुप असून आमची बस तिथून न थांबता गेली, आम्हाला घरी आल्यावर कळलं. तुमच्या वडिलांना इतिहासाची आवड आहे असं लिहिलंय, म्हणून तो अर्धा तासही आत्ताच मागून ठेवा. बसमध्ये बसल्यावर मागितलं की आधीच लेट झालेलं असतं.

मेलला उत्तर आलं की नाव-पत्ता झाकून मजकूर इथे टाका. पंधरा तारखेच्या आत नक्की बघून सांगते.