नाणी पाडणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शन टीम सांभाळताना सगळ्यात जास्त लक्ष कशाकडे द्यावं?

तुम्ही लिहिलंय की गाड्यांचे सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये बरीच वर्षं काढलीत, आता टाकसाळीत टीम लीडर म्हणून रुजू होताय, आणि तिथे काय वेगळं असतं ते जाणून घ्यायचंय. मी टाकसाळीत अकरा वर्षं शिफ्ट सांभाळली आहे. त्यातली पहिली दोन वर्षं चुकीच्या गोष्टीकडे लक्ष देण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कामाचा क्रम तुम्हाला दोन दिवसांत कळेल. पट्टीतून चकत्या कापायच्या, भट्टीत तापवून मऊ करायच्या, धुऊन चकचकीत करायच्या, कडा उचलून घ्यायची आणि शेवटी दोन डायच्या, म्हणजे नक्षी कोरलेल्या साच्यांच्या, मध्ये ठसा मारायचा. ठसा बसताना चकतीभोवती कॉलर असते, तीच नाण्याला गोलाई देते आणि कडेचे दातेही तिच्यामुळेच उमटतात. प्रेसची भाषा तुम्हाला येतेच. वेगळा आहे तो माल. सुट्या भागांत खराब पीस लाल पेटीत टाकला की विषय संपतो. इथे खराब नाणंही मोजून, नोंद करून, डोळ्यांसमोर चेपून वितळायला पाठवावं लागतं. चुकीचा ठसा बसलेल्या नाण्याला संग्राहक दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे देतात. त्यामुळे प्रेसला गेलेल्या चकत्या एका बाजूला आणि चांगली नाणी, खराब नाणी, उरलेल्या चकत्या दुसऱ्या बाजूला, हा हिशेब प्रत्येक शिफ्टला जुळलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट वेगाची. आयझॅक न्यूटन १६९६ मध्ये लंडनच्या टाकसाळीत वॉर्डन, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, म्हणून आला, तेव्हा त्याने प्रत्येक टप्प्यावर किती माणसं, किती घोडे लागतात आणि प्रेस मिनिटाला किती ठसे मारतो हे स्वतः उभं राहून पाहिलं होतं. हाताने ओढायचे ते प्रेस मिनिटाला ५० ते ५५ ठसे मारत. आजचा वेगवान उभा प्रेस मिनिटाला ७०० च्या वर जातो. म्हणजे एखादा दोष दहा मिनिटं कुणाच्या लक्षात आला नाही, तर सात हजार नाणी गेली. ती चांगल्या नाण्यांच्या पेटीत पडली असतील, तर सगळी पेटी पुन्हा निवडत बसायची.

माझ्या शिफ्टला हे घडलं आहे. डायमधल्या एका अक्षराच्या खाचेत वंगण आणि धातूची बारीक भुकटी दाबून बसली, आणि नाण्यावर ते अक्षर पुसट येऊ लागलं. ऑपरेटरला ते दिसलं होतं. पण आदल्याच दिवशी मी सगळ्यांसमोर त्याला ‘प्रेस किती वेळा थांबवतोस’ म्हणून बोललो होतो. त्याने थांबवला नाही. ‘थोड्या वेळाने आपोआप सुटेल असं वाटलं, साहेब,’ एवढंच तो म्हणाला. दोन दिवस चार माणसं नाणी निवडत होती. त्या मुलाची काही चूक नव्हती, तो माझ्या बोलण्याप्रमाणेच वागला होता. मी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच त्याची माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे ठरलं: शंका आली की प्रेस थांबवायचा, कुणाला विचारायचं नाही. थांबवल्याची नोंद होते ती प्रेसच्या नंबरावर, माणसाच्या नावावर नाही. शिवाय नाणी पडायच्या पेट्या लहान करून घेतल्या. नमुना तपासून झाल्याशिवाय भरलेली पेटी पुढच्या पेटीत ओतायची नाही. हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात करून घ्या, फारसा खर्च नाही.

डायकडे जिवापाड लक्ष द्या. प्रत्येक डायला नंबर असतो, तो कपाटातून निघताना आणि परत येताना सही लागते, आणि बाद झालेला डाय नष्ट करतानाही साक्षीदार लागतो. चकती वेळेवर सरकली नाही तर वरचा डाय थेट खालच्यावर आदळतो आणि एकाची नक्षी दुसऱ्यावर उमटते. मग पुढच्या प्रत्येक नाण्यावर तिची अंधूक सावली येते. प्रेसचा आवाज अशा वेळी क्षणभर बदलतो. जुन्या ऑपरेटरला कानाला संरक्षण लावूनही तो बदल पायाखालच्या थरथरीतून कळतो. अशा माणसाशेजारी नव्याला महिनाभर उभं करा. डाय वारंवार तडकायला लागले तर मात्र प्रेसवाल्यांवर चिडण्याआधी भट्टीकडे जा. पट्टी लाटताना धातू कडक होतो. भट्टीत तो पुरेसा मऊ झाला नाही, तर ठसा उठायला जास्त दाब लागतो आणि मार डाय खातो. उलट जास्त तापला तर धातूचे कण मोठे होतात आणि नाण्याचा पृष्ठभाग खडबडीत दिसतो. भट्टी आणि प्रेस या दोन विभागांचं भांडण मी वर्षानुवर्षं पाहिलं. शेवटी भट्टीच्या माणसाला रोज दहा मिनिटं प्रेसपाशी आणून त्याच्याच चकत्यांची नाणी हातात द्यायला लागलो, तेव्हा ते निवळलं.

आता सगळ्यात नाजूक भाग. हिशेबात एक नाणं कमी येतं, तेव्हा हॉलमधली हवाच बदलते, लोक एकमेकांकडे बघू लागतात. तेव्हा तुमचा चेहरा, तुमचा आवाज, सगळं महत्त्वाचं. माझा क्रम ठरलेला आहे: आधी मशीन, मग कागद, आणि माणूस अगदी शेवटी. चकत्या सरकवणारी वाटी, कॉलरभोवतीची फट, पेटीचा तळ, प्रेसखालचा ट्रे. नंतर मोजणीचं यंत्र कोऱ्या मनाने पुन्हा चालवायचं. त्यानंतर नोंदी. आमचं एकदा चार तासांनी एक नाणं कंपन करणाऱ्या वाटीच्या रबरी घडीत सापडलं. तोवर कुणी घरी गेलं नव्हतं, मीही नाही. बाहेर पडताना झडती सगळ्यांचीच होते. तुम्ही रांगेत सगळ्यांच्या आधी उभे राहा, खिसे स्वतःहून रिकामे करा. टीमला झडती अपमानाची वाटणार की रोजच्या कामाचा भाग, हे त्या रांगेत ठरतं.

पहिल्या दिवशी केबिनमध्ये बसू नका. तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्यांकडून भिंग मागून घ्या आणि पूर्ण शिफ्ट त्यांच्या शेजारी बसा. कोणता दोष कोणत्या प्रेसकडून येतो, ते तुम्हाला त्या टेबलावरच कळेल.