मुलगा फक्त व्हिडिओ गेमवरच्या फॅन्टसी कादंबऱ्या वाचतो. याला वाचन म्हणायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगा नववीत आहे, घरात कपाटभर पुस्तकं आहेत, त्यांना तो हात लावत नाही, पण गेमवरून लिहिलेली चारशे पानांची इंग्रजी फॅन्टसी दोन-तीन दिवसांत फस्त करतो. ही पुस्तकं असतात कशी, वाचणारे त्यांच्याबद्दल काय म्हणतात, आणि हे वाचन धरायचं का?

या बाबतीत मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचलेली इंग्रजी कादंबरी माझीही याच जातीची होती.

२००४ साल. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम सगळं इंग्रजीतून. फिजिक्सच्या तासाला सर काय बोलतायत ते पोरांचे चेहरे बघून ओळखायचो. संध्याकाळी मात्र सायबर कॅफेत 'वॉरक्राफ्ट ३' हा लढाईचा गेम चालायचा, आणि तिथे मी कुणाला ऐकणारा नव्हतो. एकदा कॉलेजातून मित्राबरोबर मुंबईच्या फ्लोरा फाउंटनला गेलो, तर फुटपाथवरच्या ढिगात एका पुस्तकावर गेममधला हिरव्या कातडीचा थ्रॉल दिसला. आमचा थ्रॉल! ज्याला रोज हाकत होतो तो! पुस्तकवाल्याने साठ सांगितले, चाळीसला दिलं. क्रिस्टी गोल्डनचं 'लॉर्ड ऑफ द क्लॅन्स', २००१ चं.

ते मला वाचता का आलं, हे मला फार नंतर उमगलं. इंग्रजी कादंबरी उघडली की पहिल्या दहा पानांत माणूस हरवतो. गाव अनोळखी, माणसं अनोळखी, आणि वर भाषाही अनोळखी. इथे ऑर्क (थ्रॉलची ती हिरवी जमात), शमन (मांत्रिक), क्लॅन (टोळी), वॉरचीफ (सरसेनापती) हे शब्द कॅफेत आधीच तोंडात बसलेले. अडायचे ते फक्त मधले शब्द, आणि ते अंदाजाने लागत गेले. तुमच्या मुलाचंही असंच होत असेल.

गोष्ट अशी की ऑर्कांचं एक अनाथ बाळ माणसांच्या ब्लॅकमूर नावाच्या सरदाराला सापडतं. तो त्याला आखाड्यात झुंजायला वाढवतो, नाव ठेवतो थ्रॉल, म्हणजेच गुलाम. पुढे सेनापती म्हणून वापरायचा, म्हणून लिहायला-वाचायलाही शिकवतो. आणि टारेथा नावाची एक मुलगी त्याला पुस्तकांत लपवून चिठ्ठ्या पाठवते. परक्या भाषेतल्या पुस्तकावर अक्षर अन् अक्षर लावत बसलेल्या मला तो थ्रॉल किती जवळचा वाटला असेल, बघा.

गंमत म्हणजे हे पुस्तक ज्या गेमवरून आलं तो गेम कधी बाजारात आलाच नाही. कंपनीने १९९८ मध्ये तो मधेच बंद केला, गोष्ट उरली, तिची कादंबरी झाली, आणि त्यातला थ्रॉल पुढे २००२ च्या 'वॉरक्राफ्ट ३' मध्ये नायक होऊन आला. म्हणजे गेमची उष्टी पुस्तकं असं जे सरसकट म्हटलं जातं, ते इथे तरी पूर्ण उलटं आहे.

आता वाचणाऱ्यांचं. गेम खेळलेला वाचक आणि न खेळलेला वाचक एकच पुस्तक वाचत नाहीत. न खेळलेल्याला बरेचदा नावांची गर्दी दिसते. खेळलेला मात्र तिथे राहून आलेला असतो. त्याला शेवटही ठाऊक असतो. मग तो वाचतो कशाला?

माझी आत्या वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात कीर्तनाला जाते. सीतास्वयंवराचं आख्यान तिने पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. धनुष्य मोडणार हे देवळातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बुवा ते कसे मोडतात, ते ऐकायला लोक बसतात. गेमवरची कादंबरी खेळलेल्या माणसाला आख्यानासारखी असते. बुवा रंगले तर माणसं उठत नाहीत, आणि बुवा चुकले तर मागच्या रांगेतली आजी तिथल्या तिथे टोकते.

अशा आज्या इथे हजारोंनी आहेत बरं का. २०१२ च्या सुरुवातीला 'मास इफेक्ट' या गेमवरची 'डिसेप्शन' नावाची कादंबरी आली. (ही फॅन्टसी नव्हे, अंतराळातली आहे, पण मासला म्हणून सांगतो.) आधीच्या तीन कादंबऱ्या गेमच्याच एका मुख्य लेखकाने लिहिलेल्या, ही दुसऱ्याकडे दिलेली. वाचकांनी चुकांची लांबलचक यादी करून जाहीर मांडली: याचं वय चुकलं, त्याचा स्वभाव चुकला, हे यंत्र असं चालतच नाही. शेवटी गेम कंपनी आणि प्रकाशक दोघांना माफी मागून पुढच्या आवृत्तीत दुरुस्तीचं आश्वासन द्यावं लागलं. नामांकित कादंबरीलाही इतक्या बारकाईने वाचणारा वाचक क्वचितच मिळतो. पोरं लक्ष देऊन वाचत नाहीत म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा ऐकवतो.

तरी चुका पकडणं हा वरवरचा भाग झाला. मला स्वतःला या प्रकाराची ताकद कळली ती २०१० मध्ये, गोल्डनबाईंचं 'आर्थस' वाचताना. मूळ पुस्तक २००९ चं, बेस्टसेलरच्या यादीत गेलेलं.

'वॉरक्राफ्ट ३' मध्ये आर्थस नावाचा राजपुत्र आहे. धान्यातून रोग पसरतोय, ते धान्य खाल्लेली माणसं मरून प्रेतसेना होणार, आणि एका अख्ख्या शहरात ते धान्य पोचलंय. आर्थस ठरवतो की शहरातली माणसं आताच मारायची. त्याचा गुरू नकार देतो, प्रेयसी पाठ फिरवून निघून जाते. आणि मग ते मारायचं काम खेळणाऱ्याच्या हातात येतं. घर फोडायचं, आतून निघतील त्यांना मारायचं. पलीकडून राक्षसही तेच करतोय. आधी ज्याचे शंभर होतील तो जिंकला. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा. आमच्या कॅफेत एक दोस्त खुर्चीमागे उभा राहून तो आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा ओरडायचा. "सत्त्याण्णव... अठ्ठ्याण्णव... मार मार मार..." शंभर झाले की टाळी. मी हे निदान पाच वेळा केलं असेल. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

सहा-सात वर्षांनी, नोकरीला लागल्यावर, सीएसटीच्या स्लो ट्रेनमध्ये दाराशी उभा राहून तेच शहर कादंबरीत वाचलं. पुस्तकात आकडा नाही. तिथे फक्त माणसं आहेत आणि आर्थसचं डोकं आहे, आणि तोवर आपण त्या डोक्यात शंभरेक पानं राहून आलेलो असतो. लहानपणी बर्फात उडी मारताना त्याचा लाडका घोडा पाय मोडून पडतो आणि याला स्वतःच्या हाताने त्याला मारावं लागतं, ते वाचून झालेलं असतं. ट्रेनच्या गर्दीत मला दोस्ताचा तो आवाज ऐकू आला. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. पुस्तक मिटून बॅगेत टाकलं, त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

गेममध्ये ते मीच केलं होतं, माझ्या हाताने. पण काय केलं ते पुस्तकाने दाखवलं. सिनेमा हे करू शकणार नाही, कारण सिनेमातलं पाप आपल्या बोटांनी केलेलं नसतं. पुस्तक थोर आहे असं मी म्हणत नाही हं. भाषा साधीच आहे, काही संवाद तर नाटकी आहेत. पण हा एक धक्का दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने मला दिलेला नाही.

यात एक मेख आहे. आर्थस सगळ्यांचा एकच होता; त्याचं नाव, तोंड, शेवट ठरलेला. 'बाल्डर्स गेट' (१९९८) मध्ये नायक खेळणारा स्वतः घडवतो: बाई की पुरुष, सज्जन की हरामी, सगळं त्याच्या मर्जीने. १९९९ मध्ये त्याची कादंबरी आली, तिच्यात नायक कोण, तर अब्डेल नावाचा एक दांडगट भाडोत्री तलवारबाज. वाचक खवळले, आणि त्यांतले काही अजून शांत झालेले नाहीत. दोष लिखाणाचाही होता, पण मुख्य म्हणजे माझ्या जागी हा कोण येऊन बसला, असं प्रत्येकाला वाटलं.

शहाणे लेखक ही जागा टाळून लिहितात. 'ड्रॅगन एज' गेमचा मुख्य लेखक डेव्हिड गेडर याने 'द स्टोलन थ्रोन' लिहिली, ती २००९ मध्ये गेमच्या काही महिने आधीच आली. गोष्ट गेमच्या आधीच्या पिढीची. गेममध्ये लॉगेन हा खलनायक. रणांगणात तरुण राजाला सोडून सैन्य मागे घेतो. कादंबरीत हाच लॉगेन कोवळा पोरगा आहे. परकी राजवट, जमीन गेलेली, बाप जंगलात लपून राहणारा. आणि तो बापही एका पळालेल्या राजपुत्राला वाचवताना मरतो. त्याच राजपुत्राच्या पाठीशी लॉगेन उभा राहतो, त्याला गादीवर बसवतो, आणि जिच्यावर जीव असतो तीही त्याच्याच राणीपदी जाते.

मी कादंबरी आधी वाचली आणि गेम मागून खेळलो. शेवटाकडे लॉगेनला हरवल्यावर गेम विचारतो, मारायचं की सोडायचं? सोडलं तर आपला सगळ्यात लाडका सोबती ॲलिस्टर संतापून कायमचा निघून जातो. माझा मावसभाऊ शेजारी बसलेला, त्याने पुस्तक वाचलेलं नाही. मी सोडलं. तो हतबुद्ध. "त्या गद्दारासाठी ॲलिस्टरला घालवलंस? येडा झालास काय रे?" त्याला समजावायला मी दीड तास घेतला आणि तरी त्याला पटलं नाही. त्याने नंतर त्याच्या खेळात लॉगेनचं मुंडकं उडवलं आणि मला फोटो पाठवला.

वाचकांची एक तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. कधीकधी कंपनी गोष्टीचा महत्त्वाचा तुकडा फक्त पुस्तकात ठेवते. २०१० च्या 'द शॅटरिंग' या वॉरक्राफ्टवरच्याच कादंबरीत केर्न नावाचा म्हातारा, सगळ्यांना आवडणारा सरदार द्वंद्वात मारला जातो. गेममध्ये मात्र खेळणाऱ्याला एके दिवशी त्याच्या जागी त्याचा मुलगा बसलेला दिसतो. रोज बघायच्या मालिकेतला सासऱ्याच्या मृत्यूचा भाग फक्त दिवाळी अंकात छापावा, तसला प्रकार. लोक चिडणारच.

आणि दुकानात जाल तेव्हा एक घोटाळा टाळा. 'विचर' ही पुस्तकं गेमवरून आलेली नाहीत. आंद्जेय सापकोव्स्कीची पहिली विचर-कथा १९८६ मध्ये पोलंडच्या मासिकात आली, गेम २००७ चा. काही इंग्रजी आवृत्त्यांवर गेममधलंच चित्र असल्यामुळे दुकानदारसुद्धा फसतात. मोठी चांगली पुस्तकं आहेत, पण नववीतल्या मुलाला इतक्यात नकोत. 'गॉड ऑफ वॉर'ची कादंबरीही नको, मोठ्यांच्या गेमवरची आहे. आधीच वाचून झाली असेल तर ओरडू नका, उपयोग नाही.

तुम्हाला स्वतःला एक वाचून बघायचं असेल आणि गेमचा गंध नसेल, तर ग्रेग कीझचं 'द इन्फर्नल सिटी' घ्या. 'एल्डर स्क्रोल्स' या गेमच्या जगातलं आहे, पण नायिका गेममधली नाही. आकाशात तरंगत येणारं एक शहर खालच्या गावांना मारत चाललंय, औषधी रसायनं करणारी एक मुलगी त्यात अडकते, आणि तिथे तिला कामाला लावतात स्वयंपाकघरात. भुताटकीच्या शहरातला भटारखाना! तेवढी प्रकरणं तरी वाचाच. पुढचा भाग २०११ चा आहे, गोष्ट तिथे संपते, म्हणून दोन्ही एकदम शोधा.

आणि मुलाला वाचतोस ते कसलं फालतू, असं विचारण्याऐवजी त्यातल्या कुणाला तू मारलंस आणि कुणाला सोडलंस, ते विचारून बघा. जेवण गार होईल, त्याची तयारी ठेवा.

फाउंटनला जाणार असाल तर दुपारच्या आधी जा. इंग्रजी फॅन्टसीचा ढीग बहुतेक खाली, परीक्षेच्या पुस्तकांच्या मागे असतो. पहिला भाव ऐकून निम्म्यापासून सुरू करा, आणि पुस्तक सापडल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसू देऊ नका. माझे चाळीस तेव्हा तीसही झाले असते.