सातबाऱ्यावर देवाचं नाव चालतं, मग एआय व्यक्ती का नको?

प्रश्न असा आहे की कायदा देवाला व्यक्ती मानतो (म्हणजे त्याच्या नावाने मालमत्ता ठेवता येते, दावा लावता येतो), कंपनीला मानतो, मग एआयला का नाही, आणि आंब्याच्या फवारणीचा सल्ला देणाऱ्या अॅपने चुकीचं सांगितलं नि मोहोर जळाला तर दावा थेट त्या एआयवरच का लावू नये. मी सिंधुदुर्गात जमिनीचे दावे चालवतो, त्यात देवस्थानाचे बरेच, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो, नको. आत्ता तर अजिबात नको.

आधी देवाचं बघू. आपल्याकडे सातबाऱ्यावर श्री देव रवळनाथ, श्री देवी सातेरी अशी नावं असतात ती नुसती श्रद्धेपोटी नाहीत. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या केसमध्ये मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानलं, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव हवं, पुजाऱ्याचं नाही. हे सगळं कशासाठी, तर भक्तांनी देवाला दिलेली जमीन मधल्या माणसाने गिळू नये म्हणून. देव कायद्याच्या नजरेत कायमचा अज्ञान, म्हणजे मायनर, त्याचा कारभार माणसंच बघतात आणि त्या माणसांना कोर्टात उभं करून हिशेब मागता येतो. आणि कोर्ट हा दर्जा मागेल त्याला देत नाही, २०१९ च्या अयोध्येच्या निकालात रामलल्लाला व्यक्ती मानलं पण जन्मभूमीच्या जागेला मानायला नकार दिला, हे बरेच जण विसरतात.

गंगेचं तर ताजंच आहे. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं, तर राज्य सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं की उद्या पुरात कोणाचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, आणि त्याच वर्षी जुलैत स्थगिती मिळाली. एआयच्या बाबतीत हाच प्रश्न येतो, पैसे कोण देणार.

आपण बंदराकाठची माणसं, म्हणून जहाजाचं सांगतो. एम. व्ही. एलिझाबेथ नावाचं परदेशी जहाज गोव्यातल्या मुरगाव बंदरात माल भरून निघून गेलं, मालाच्या मालकाने दावा लावला आणि विशाखापट्टणमला आल्यावर ते कोर्टाच्या हुकमाने अडकवलं, १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते योग्य ठरवलं. तिथे जहाज स्वतःच प्रतिवादी असतं, मालक कुठल्या का देशात असेना. पण हे का जमतं, तर जहाज समोर उभं असतं, जामीन भरला नाही तर लिलाव करता येतो. एआयचं काय अडकवणार? सर्व्हर कंपनीचा, कोड कंपनीचा, एकाच मॉडेलच्या कॉप्या एकाच वेळी हजारो फोनवर बोलतायत आणि पुढच्या अपडेटला तेही बदलणार, मग नोटीस नेमकी कोणाला बजावायची? खात्यात एक रुपया नाही अशा पक्षकाराविरुद्ध हुकूमनामा मिळाला तरी दरखास्तीत, म्हणजे वसुलीच्या कारवाईत, हाती काय लागतं हे कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही विचारा.

आणि मला खरी भीती वाटते ती पुढची. कंपनी वेगळी व्यक्ती असल्यामुळे मालकाचं घरदार आधीच सुरक्षित असतं, त्यात एआय अजून एक व्यक्ती झाली की कंपनीसुद्धा हात वर करणार. हे मी मनचं सांगत नाहीये, एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला, घरात मृत्यू झाला म्हणून मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, आणि कंपनीचा बचाव जवळपास असा की चॅटबॉट वेगळा आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या ट्रिब्युनलने तो फेटाळला, वेबसाइटवरच्या सगळ्या माहितीला कंपनीच जबाबदार आहे म्हणून भरपाई द्यायला लावली. एआयला व्यक्ती मानणारा कायदा तिथे असता तर त्या माणसाला काय मिळालं असतं?

युरोपियन पार्लमेंटने २०१७ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ ही कल्पना मांडली होती, तज्ज्ञांनी कडाडून विरोध केला, आणि २०२४ च्या त्यांच्या एआय कायद्यात ती नाही, नियम पाळायची जबाबदारी एआय बनवणाऱ्यावर नि धंद्यात वापरणाऱ्यावरच आहे. शिवाय त्याच वर्षी त्यांनी सदोष मालाच्या भरपाईच्या नियमात सॉफ्टवेअरही घेतलं. आपल्याला मागायचं तर हे मागू या. आपल्या २०१९ च्या ग्राहक कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचं प्रकरण आहे, पण अॅप त्यात ‘वस्तू’ म्हणून बसतं का यावर वकील वाद घालणारच, आणि फुकटच्या अॅपला तर मोबदला दिला नाही म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असं म्हणतील. बागायतदाराला या फटी बुजवून हव्यात.

उद्या यंत्राला खरंच वेदना होतात असं दिसलं तर त्याच्या हक्कांचा विचार करावाच लागेल, तेव्हा मीही करेन, पण तो प्रश्न वेगळा, भरपाईचा वेगळा.

तोवर दावा अॅप चालवणाऱ्या कंपनीवरच लावा. पैसे भरल्याची पावती, सल्ल्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट, कुठलं औषध किती मारलं त्याची नोंद आणि कृषी खात्याकडून पाहणी करून घेतलेला पंचनामा, एवढं पहिल्या आठवड्यातच जमवा, अपडेट आलं की जुना सल्ला अॅपमधून गायब होऊ शकतो.