खान्देशात पहिला रीफ टँक: चिलर नंतर घ्या, आधी रिफ्रॅक्टोमीटर

तुमचा प्रश्न असा: जळगावला राहता, पहिलाच खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांची (कोरलची) काचेची टाकी, करायचाय, आणि मुंबईचे ओळखीचे म्हणतात की तुमच्याकडच्या उन्हात चिलर (पाणी गार करणारं यंत्र) नसेल तर नाद सोडा, मग घ्यायचं काय काय?

मी धुळ्याचा. हेच वाक्य मला माझ्या थोरल्या भावाने ऐकवलं होतं. चार वर्षं झाली, तो अजून तेच म्हणतो. म्हणून लिहायला बसलो.

आपल्याकडे मे महिन्यात माठातलं पाणी दाताला लागतं. दादा राहतो त्या डोंबिवलीत लागत नाही. पंख्याने टँक गार होतो तो याच कारणाने. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. 200 लिटरचा टँक जवळजवळ 3 अंश उतरवायला तेवढी पुरे. दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, म्हणून मुंबईकरांना चिलर लागतो. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. आपली हवा कोरडी.

मी 12 व्होल्टचे दोन पंखे पाण्यावर तिरके लावले होते. संप, म्हणजे टँकखालची जोडटाकी, धरून पाणी 200 लिटर. बाहेर 43, खोलीत 36, टँकमध्ये 27. रोजचं तापमान वहीत लिहायचो. बदल्यात दिवसाला सात लिटर पाणी उडायचं.

मेमध्येच शहाद्याला मावसभावाचं लग्न निघालं. चार दिवस जायचं होतं. भाच्याला सांगितलं, खुणेपर्यंत पाणी भरत जा. कोपऱ्यात दोन निळे कॅन होते, एकात आर.ओ.चं गोडं पाणी, दुसऱ्यात पाणी बदलायला कालवून ठेवलेलं खारं. पोराने विचार केला, समुद्राचा टँक आहे, समुद्राचंच पाणी टाकावं. त्याची चूक नाही. कोणता कॅन ते मीच सांगितलं नव्हतं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, आणि वरून तो रोज सात लिटर खारं ओतत होता. चार दिवसांत 28 लिटर, म्हणजे जवळजवळ एक किलो जास्तीचं मीठ.

परत आलो तर झोआ, म्हणजे फुलासारखे उघडणारे साधे कोरल, मिटलेले, कोळंबी कोपऱ्यात. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायच्या उपकरणावर, विशिष्ट घनता 1.030. असायला हवं 1.025. आणि मग खरी चूक मी केली. घाबरून 25 लिटर खारं पाणी काढलं आणि तासाभरात तेवढंच गोडं ओतलं. आकडा बरोबर आला. सकाळपर्यंत क्लीनर कोळंबी गेली, दोन दिवसांत गोगलगायी, आठवड्यात निम्मे झोआ. या बिनकण्याच्या जिवांना क्षारता एकदम उतरलेली सोसत नाही. तो बदल दोन-तीन दिवसांवर न्यायला हवा होता. आईने विचारलं, "काय व्हयनं रे?" मला उत्तर देता आलं नाही. फोनवर दादा म्हणाला, बघ, सांगितलं होतं ना, चिलर हवा होता.

त्या चार दिवसांत थर्मामीटरने नोंदवलेलं कमाल तापमान 27.8 होतं. उन्हाने मेले नाहीत ते. मिठाने मेले.

तेव्हा पैसे हातात आले की आधी चांगला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो 35 पी.पी.टी.च्या (हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणाने जुळवून घ्या, नुसत्या गोड्या पाण्याच्या शून्याने नाही. मग डी.आय. रेझिनसकट (उरलेले क्षार शोषणारे दाणे) आर.ओ., टी.डी.एस. (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य येईल असा. आपल्या बोअरचं पाणी टँकमध्ये घालायचा विचारही नको. मग ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालं तेवढं गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र. हे तीन झाल्याशिवाय दिव्याचं नाव काढू नका. दुकानात आधी दिवा दाखवतात, कारण तो दिसतो. झोआ, मशरूम, लेदर या साध्या कोरलना मधल्या किमतीचा एल.ई.डी. भागतो. वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारे छोटे पंप) दोन घ्या आणि त्यातला एक इन्व्हर्टरवर ठेवा. लाइट गेली की प्रवाह थांबतो, आणि कोमट खाऱ्या पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी असतो. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) टँकच्या मापाचा बघा, एवढं पुरे.

एक राहिलं. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी "रत्नागिरीहून आणून देतो" म्हणाला तर त्याच्याकडे परत जाऊ नका.

आणि हेही खरं, की जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की पंखे ढिले पडतात. माझा टँक तेव्हा 29 च्या वर गेलाय. त्या पंधरवड्यात खोलीत ए.सी. लावावा लागतो. टँक वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली असेल, किंवा अॅक्रोपोरासारखे नाजूक कोरल ठेवायचे असतील, तर चिलर घ्याच. तेवढ्यापुरतं दादाचं बरोबर. पण पहिल्या वर्षी, साध्या कोरलना, आपल्या हवेत? नाही.

माझे कॅन आता वेगवेगळ्या रंगांचे आहेत. पांढऱ्यावर ठळक अक्षरांत "गोडं", निळ्यावर "खारं". तापमानाची वही कपाटात आहे, दादा दिवाळीला आला की त्याच्यासमोर ठेवणार आहे.